राहिलेली बोळवण

रेल्वे चाळ, कुर्डुवाडी
१२ फेब्रुवारी १९३३

ती. रंभाआक्कास,

रावजीचा दंडवत. घाईत लिहितो आहे, अक्षर लावून घे.

सारजाला देवी आल्या. परवा तिचं अंग तापलं, काल कपाळावर आणि हातांवर पुरळ दिसलं. आज सकाळी आईने ते पाहिलं आणि चुलीवरची कढई उतरवून पालथी घातली. तेव्हाच मी समजलो. तिला आठवा महिना लागून सहा दिवस झालेत. पंधरा दिवसांपूर्वी केमला माहेरी चोळी-बांगडी करायला नेली होती. तिथे शेजारच्या घरी पोराला देवी होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं.

घरात फोडणी बंद झाली आहे. केस विंचरायचे नाहीत, पायताण उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. सारजाला सारजा म्हणायचं नाही, ‘बाई’ म्हणायचं. दारावर लिंबाचे डहाळे आहेत. आई सकाळ-संध्याकाळ तिच्या पायांवर पाणी घालून डोकं टेकते. चार दिवसांमागे मिठाच्या खड्यावरून जिच्याशी कडाकडा भांडली, तिच्याच पायांवर! सारजा बिचारी ओशाळून पाय आखडून घेते.

रेल्वेच्या डॉक्टरला आणतो म्हटलं तर आई अंगावर आली. “देवीला सुया टोचतोस व्हय रं? समद्यांचं डोळं जातील!” आता तूच सांग काय करू. आई तुझं ऐकते. म्हणजे ऐकत नाही, पण तुला भिते.

तुझा,
रावजी

*

सोलापूर
१४ फेब्रुवारी १९३३

चि. रावजीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र रोग्यांच्या शेडमध्ये उभ्या उभ्या वाचलं. गेला महिनाभर दवाखान्याने मला नर्स म्हणून गावाबाहेरच्या याच शेडमध्ये नेमलं आहे, कारण इथेही विणकरांच्या गल्ल्यांत हाच पाहुणा उतरला आहे. तेलगू बायका त्याला अम्मवारू म्हणतात, आपण देवी म्हणतो. नाव कोणतंही असो, खपल्या सारख्याच धरतात. म्हणून मला येता येणार नाही, आणि आले तरी तुमच्या घरात आणखी काहीतरी घेऊन येईन. तेव्हा पत्रावरच भागव.

सारजा वाचेल. लग्नात हळद लावताना तिच्या दंडावर टोचल्याचे दोन वण मी पाहिलेत. लहानपणी टोचलेलं असलं की देवीचा जोर अर्धा राहतो. आईशी भांडू नकोस. फोडणी बंद तर बंद, लिंबाचा पाला तर पाला, त्याने कुणाचं वाईट होत नाही. पण पाणी मागेल तितकं दे, ताकाची कण्हेरी दे, आणि डोळे दिवसातून तीनदा उकळून गार केलेल्या पाण्याने धू. आईला सांग, देवीलाही तहान लागते.

आता खरं महत्त्वाचं. असल्या तापात दिवस भरायच्या आधी कळा येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तसं झालं तर पोर जन्मल्या जन्मल्या दुसऱ्या खोलीत न्यायचं. त्याच दिवशी त्याला टोचून घ्यायचं, मग आई आडवी पडली तरी. शेळीचं दूध उकळून, पाणी घालून, बोंडल्याने पाजायचं. आणि माझं पत्र येईपर्यंत पोर सारजाच्या अंगाला लावायचं नाही. तिने मागितलं तरी नाही, रडली तरी नाही. हे तिला माझ्या नावाने वाचून दाखव. म्हणावं, रंभाची शपथ आहे, पोर जगायला हवं असेल तर एवढं पाळ.

तुझी,
आक्का

*

कुर्डुवाडी
२६ फेब्रुवारी १९३३

ती. आक्कास,

दंडवत. मुलगा झाला! मंगळवारी, दिवस कलतीला असताना. एवढासा आहे, आईच्या दोन ओंजळींत मावतो, पण रडतो असा की वर्कशॉपचा भोंगा लाजावा. तू सांगितलंस तसं सगळं केलं. त्याच दिवशी टोचून आणला. आई आडवी पडली नाही, फक्त दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सारजा वाचली. डोळे शाबूत आहेत. तोंडावर वण राहतील असं दिसतं. कळा सुरू व्हायच्या आधी तुझं पत्र तिला दोनदा वाचून दाखवलं होतं. शपथेचं ऐकून तिने मान हलवली. पोर झाल्यावर तिने फक्त विचारलं, “समदं धड हाय न्हवं?” मी म्हटलं, धड आहे. मग ती भिंतीकडे तोंड करून निजली.

एक गंमत झाली. त्याच मंगळवारी आई देवीची बोळवण करणार होती. दहीभात, लिंबाचा पाला, हिरव्या बांगड्या, सगळं टोपलीत भरून दाराशी ठेवलं होतं. शिवेवर नेऊन ठेवायचं की देवी आपल्या वाटेने गेली. तेवढ्यात कळा लागल्या, आणि मग सुवेर आलं, सुवेरात कुठली बोळवण! टोपली तशीच राहिली आणि आपल्या बांड्या शेळीने दहीभात पाल्यासकट फस्त केला. आई म्हणते, आता बघू पुढं.

तुझा,
रावजी

*

सोलापूर
२ मार्च १९३३

चि. रावजीस,

आशीर्वाद. पत्र वाचलं आणि शेडमधल्या सगळ्यांना गूळ वाटला. गोड खायला बंदी असलेल्यांचा वाटा मीच खाल्ला.

शेळीने बोळवण केली, हे उत्तमच झालं. राहिली तर राहिली, देवीला वाट माहीत आहे, तिला पोचवायला माणूस कशाला? सारजाच्या अंगावरच्या खपल्या जिथे पडतील तिथून उचलून जाळ. तिची लुगडी, गोधडी उकळून घे. सगळ्या खपल्या पडल्या की मला कळव.

आक्का

*

कुर्डुवाडी
२९ मार्च १९३३

ती. आक्कास,

दंडवत. सारजाच्या खपल्या पडून आठ दिवस झाले, अंग स्वच्छ आहे. पोराचं नाव सिद्धनाथ ठेवलं, शिदू म्हणतो. बारसं आईने तिच्या पद्धतीने केलं, म्हणजे सगळ्यांना कामाला लावलं आणि स्वतः पाळण्याजवळ बसली. शिदू शेळीच्या दुधावर बरा धरला आहे. सारजा जरा गप्प असते. बाकी सर्व क्षेम.

आईला खोकला आहे, औषध असेल तर पाठव. वर्कशॉपमध्ये माझी लेथवर बदली झाली.

तुझा,
रावजी

*

सोलापूर
५ एप्रिल १९३३

चि. रावजीस,

आशीर्वाद. औषधाची पुडी सोबत आहे. मधातून दे, आणि कडू आहे म्हणून थुंकेल तेव्हा समोर उभा राहा. लेथवर बाह्या वर करून काम कर, सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली तर हातही जाईल. सारजा गप्प असते तर बरंच आहे की! तुमच्या घरात तू आणि आई बोलता तेवढं तीन घरांना पुरतं. इथे श्वास घ्यायला फुरसत नाही, शेडमध्ये रोज नवी माणसं येताहेत.

आक्का

*

कुर्डुवाडी
२० मे १९३३

ती. आक्कास,

दंडवत. मार्चात तुला ‘सर्व क्षेम’ लिहिलं ते खोटं होतं. आता लपवून चालत नाही.

सारजा शिदूला घेत नाही. एकदाही घेतलं नाही. उद्या तो तीन महिन्यांचा होईल. ती दाराजवळच्या कोपऱ्यात पदर तोंडावर ओढून बसते. सुरुवातीला तो रडला की तिची चोळी भिजायची. तेव्हा ती भिंतीला छाती दाबून धरायची, पण उठायची नाही. आता दूधही आटलं. झोप नाही, भाकरी पुढे ठेवली तर कुस्करून ठेवते. काम सांगितलं तर करते, पण शिदूच्या लंगोटाला, दुपट्याला हात लावत नाही. ती कामं आई करते आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो. टपालवाला आला की मात्र सारजा दारात जाते. रिकाम्या हातांनी परतली की पुन्हा कोपऱ्यात. आई म्हणते, माहेरच्या पत्राची वाट बघते, जाऊ दे तिला माहेरीच.

गेल्या महिन्यात आईने देवऋषी आणला. त्याने लिंबाच्या फोकाने तिला मारलं. मी तिथे उभा होतो. मला लाज वाटते लिहायला, पण मी उभा होतो. ती ओरडली नाही, एवढंच म्हणाली, “अजून मारा. जाऊ द्या तिला.”

परवा भर दुपारी ती घरातून निघाली ती रुळाच्या कडेने केमच्या अंगाला चालू लागली. आपला गँगमन शिवशरण तिथे होता, त्याने तिला परत आणलं. तिच्या हातात फडक्यात बांधलेला भात होता. आक्का, रुळावर ती कशाला गेली असेल, हे मनात आलं आणि त्या रात्री मी दाराला आडवा निजलो.

महिपती मामाने करमाळ्याकडची मुलगी पाहिली आहे. मामा आणि आई म्हणतात, हिला केमला धाडायची आणि ज्येष्ठातच उरकून घ्यायचं, पोराला आई मिळेल. मला सुचत नाही. तू शेकडो बाळंतिणी पाहिल्या आहेस. सारजा वेडी झाली आहे का? तू हो म्हणालीस तर मी तिला पोचवून येतो. नाही म्हणालीस तर कुणाचं ऐकणार नाही.

तुझा,
रावजी

*

सोलापूर
२३ मे १९३३

रावजी,

नाही. सारजा वेडी झालेली नाही. हे आईला मोठ्याने वाचून दाखव, मामा असेल तर त्यालाही.

अंगातला ताप उतरला की हाताला कळतं. बाळंतिणीच्या मनाला जो ताप येतो तो हाताला लागत नाही, म्हणून लोक त्याला वेड म्हणतात, बाहेरचं म्हणतात, नखरे म्हणतात. देवी आणि अकाली बाळंतपण, दोन्ही एका पंधरवड्यात सोसलेली बाई ती. तिच्या जागी तू असतास तर आम्हाला दोन माणसं ठेवावी लागली असती, एक तुला धरायला आणि एक तुझं रडणं ऐकायला. इथे विणकर गल्लीत एक बाई बाळंतपणानंतर सहा महिने भिंतीकडे बघत बसली होती. तिच्या सासूने तिला झोपू दिलं, हातात घास दिला, एकटं सोडलं नाही आणि उगाच बोललीही नाही. आज ती बाई मागावर बसते आणि मी उशिरा गेले तर मला तेलगूत शिव्या घालते. सारजाही उठेल. मी हे तुझी समजूत काढायला लिहीत नाही, पाहिलेलं लिहिते आहे.

देवऋषी पुन्हा उंबऱ्याच्या आत आला तर त्याच्याच फोकाने त्याला बाहेर घाल. तू उभा होतास ते तू लिहिलंस, म्हणून त्यावर मी आणखी बोलत नाही. पण विसरणारही नाही.

मला एक गोष्ट खटकते आहे. ती टपालवाल्याची वाट बघते, माहेरच्या पत्रासाठी, असं तुम्ही म्हणता. केमला तिच्या माहेरी लिहिता येणारं आहे कोण? बाप अंगठा उठवतो, भाऊ अंगठा उठवतो. लग्नाची बोलणीसुद्धा त्यांनी निरोप्या धाडून केली. मग ती कुणाच्या पत्राची वाट बघते? आणि मरायला निघालेलं माणूस फडक्यात भात बांधून घेत नाही. हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही?

तिला शेजारी बसून विचार. आई घरात नसताना विचार. एकदा विचार आणि गप्प बस, तुला जमेल तितका. दुसरी नर्स आजारी आहे, म्हणून मला ४ जूनपर्यंत सुटता येत नाही. उत्तर लगेच टाक.

आक्का

*

कुर्डुवाडी
३० मे १९३३

ती. आक्कास,

दंडवत. काल आई बाजाराला गेली तेव्हा विचारलं. मी शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, कुणाच्या पत्राची वाट बघतेस? तू सांगितलंस तसं एकदाच विचारलं. पाळण्यात शिदू हात चोखत होता, त्याचाच आवाज येत होता.

मग ती म्हणाली, “वन्संचं पत्र आलं न्हाय अजून.”

आक्का, मी म्हटलं, आक्काची पत्रं तर येतात. ती म्हणाली, “ती न्हवं. पोराला अंगाला लाव म्हनून लिवनार हुत्या त्ये. शपत घातलीया त्यांनी.”

मी तुझं फेब्रुवारीचं पत्र काढून पाहिलं. ‘माझं पत्र येईपर्यंत’ असंच आहे त्यात. मग मार्चातलं काढलं, एप्रिलातलं काढलं. त्यांत शेळी आहे, खोकल्याची पुडी आहे, माझी बाही आहे. ते वाक्य कुठेच नाही. मलाही सुचलं नाही. मला वाटत होतं ती घेत नाही, तिला वाटत होतं तिने घ्यायचं नाही.

आणखी आहे. बोळवण राहिली, ती तिच्या मनात बसली आहे. म्हणाली, “समद्यांनी पाया पडून बाईला माज्यात बशिवलं. वाटंला लावाया मातर कुनी आलं न्हाय. ती हाय अजून. म्या पोराला घेतलं तर त्येला न्हेईल.” म्हणून ती फोक मारून घेत होती. आणि त्या दुपारी तिने चुलीपाशी उरलेला भात बांधून घेतला, त्यावर दही नव्हतं म्हणून वाटेत रडली, आणि शिवेकडे निघाली होती. स्वतःच देवीला पोचवायला. शिव यायच्या आधी शिवशरणने तिला फिरवलं.

मी विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “तुमी इच्यारलं न्हाय.”

आक्का, लवकर लिही.

रावजी

*

सोलापूर
१ जून १९३३

सौ. सारजास,

रंभाचा आशीर्वाद. रावजी, हे पत्र तुला नाही, तिला आहे. तिच्यासमोर बसून हळू वाच आणि एक अक्षर गाळू नकोस.

सारजा, तू ज्या पत्राची वाट बघत होतीस ते हे पत्र. पोराला घे. अंगाला लाव, मांडीवर घे, मुका घे. तुझ्या खपल्या मार्चातच पडल्या. तेव्हापासून तुझ्या अंगात पोराला लागेल असं काहीही नाही. तेव्हाच मी हे लिहायला हवं होतं. रावजीने खपल्या पडल्याचं कळवलं, मी वाचलं आणि खोकल्याच्या औषधाच्या नादात विसरले. दहा ओळी लिहिल्या आणि जी एक लिहायची ती राहिली. शपथ मी घातली, सोडवायची मी विसरले. तुझ्याकडून काही चुकलेलं नाही. चूक रंभाची आहे, आणि ती मी कुणासमोरही कबूल करीन.

वीस वर्षं मी बायांना सांगते आहे, हे करा, ते करू नका. त्यातलं अर्धं त्या ऐकत नाहीत म्हणून मी कुरकुरते. तू एकटी निघालीस जिने शब्द न शब्द ऐकला, आणि तुलाच मी अडकवून ठेवलं. पत्र वाचून मी शेडच्या मागे जाऊन रडले. मी रडत नाही, हे रावजीला ठाऊक आहे.

आता बोळवण. ‘देवीला वाट माहीत आहे’ असं मी शहाणपणाने लिहिलं होतं. देवीला असेल, पण घरातल्या माणसांना कुणीतरी सांगावं लागतं की ती गेली. येत्या मंगळवारी आईने टोपली भरायची. दही ताजं, बांगड्या नव्या. आईने स्वतः डोक्यावर घ्यायची आणि सारजाला बरोबर न्यायचं. शेळीला बांधून ठेवायचं.

सारजा, आणखी एक ऐक, हे नर्स म्हणून सांगते. पोराला घेतलंस आणि लगेच माया दाटून आली नाही, तर घाबरू नकोस. रडू आलं, चिडचिड झाली, पुन्हा कोपऱ्यात बसावंसं वाटलं, तरी घाबरू नकोस. तो ताप हळूहळूच उतरतो. जेव, झोप, आणि वाईट वाटेल त्या दिवशी मनात ठेवू नकोस, रावजीला सांग. तो विचारायची वाट बघू नकोस, पुरुषांना सुचत नाही.

मी मुद्दाम आधी येत नाही. आधी पत्र यायला हवं, तुझी वाट पत्रासाठी होती. मी मागाहून येते.

आईसाठी: आई, नव्या सुनेचं बोलणं बंद. एक सून पोरासाठी तीन महिने पोराला शिवली नाही, असली सून तुला करमाळ्यात मिळणार नाही.

तुमची,
रंभा

*

कुर्डुवाडी
१७ ऑगस्ट १९३३

ती. आक्कास,

दंडवत. तू जूनमध्ये आठ दिवस राहून गेलीस त्यानंतर आमचं पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. सारजा म्हणाली, या खेपेला मी सांगते, तुम्ही लिहा. जसं बोलते तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, असा हुकूम आहे. तेव्हा खालचं सगळं तिचं.

वन्सं, पाया पडते.

तुमी आलाव तवा मला नीट बोलाया येत न्हवतं, तुमीबी जास्ती इच्यारलं न्हाय, त्ये बरं केलं. आता सांगते.

तुमचं पत्र वाचलं, तवा म्या म्हनलं, परत वाचा. दुसऱ्यांदा वाचलं, तवा उटले आनि शिदूला घ्येतलं. तो रडाया लागला वो. मला वळखंना. आत्याबाईकडं हात करून आरडाया लागला. मला वाटलं, एवढं थांबले ती ह्यासाटी व्हय? तुमी लिवलं हुतं की माया लगीच आली न्हाय तर घाबरू नगस. तेवढं ध्यानात धरून बसले, म्हून त्येला खाली ठिवला न्हाय. रडून रडून तो खांद्यावर निजला. माजा हात आवघडला, पन म्या हालले न्हाय.

मंगळवारी बोळवन केली. आत्याबाईनी टोपली डोक्यावर घेतली, म्या मागनं. शिवंवर दहीभात ठिवला, पाला ठिवला, आत्याबाईनी हात जोडलं. मागं वळून बगायचं नसतंय. निम्म्या वाटंत आल्यावर त्या म्हनल्या, “सारजे, पाय उचल बिगीबिगी, पोर रडत आसंल.” वन्सं, चार महिने झालं, ह्या घरात मला कुनी सारजा म्हनून हाक मारली न्हवती. आदी बाई म्हनत हुते, मग ‘ती’ म्हनाया लागले. माजं नाव आयकलं आनि वाटंतच बसून रडले. आत्याबाईनी पदरानं माजं तोंड पुसलं, वनावरनं हात फिरवला. मग म्हनल्या, “लई झालं आता, ऊट.” त्यांचं आसंच आसतंय.

आजून काई दिस वंगाळ जात्यात. सकाळी उटूच वाटत न्हाय. तवा मी ह्यास्नी सांगते, आज वंगाळ हाय. मग हे कामावर जायच्या आदी शिदूला आंगूळ घालत्यात. निम्मं पानी ह्यांच्याच आंगावर जातं. परवाच्याला म्या आरसा मागितला. हे देईनात. म्या म्हनलं, द्या, तोंड माजंच हाय. वन लई हायती. पन शिदू त्यावर बोट फिरवून हासतो, त्येला त्ये खेळनंच वाटतंय.

करमाळ्याची पोरगी बगितली हुती, त्ये मला तवाच ठावं हुतं. कोपऱ्यात बसलेल्याला समदं आयकू येतं. हे वाक्य लिवाया हे तयार न्हवते. म्या म्हनलं, लिवा. आता मान खाली घालून लिवत्यात.

केमला माज्या भावाच्या घरात दोन पोरं टोचलेली न्हवती. म्या जाऊन टोचून आनली. वैनी म्हनली, देवी कोपंल. म्या म्हनलं, माज्या घरी चार महिने हुती, मला तिचा सोभाव ठावा हाय.

आता एक मागनं. तुमी थोर हाय, मला शिकीवन्याचा हक्क न्हाय, पन सांगते. पुना कुना बाईला म्हनाल की पोराला शिवू नगं, तवा कुटवर त्येबी तितंच सांगा. खपल्या पडंस्तवर म्हना, न्हायतर तारीख सांगा. पत्र येईस्तवर म्हनू नगा. बाई वाट बगत बसती.

आजून लई सांगायचं हुतं. पन शिदू मांडीवर निजलाया, आनि ह्यांची शाई संपत आलीया, उटून आनायला मला हालता येत न्हाय.

तुमची,
सारजा